शेजार मोडला तो फुटबॉलपायी

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या सीमेला जवळजवळ खेटून, पुलमन नावाचे एक गाव आहे. भोवताली गव्हाच्या टेकड्या आहेत आणि त्या मुलखाला पलूस म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी या नावाचा काही संबंध नाही, पण पाटीवर ते वाचले की मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकते. गावाची वस्ती ३०-३२ हजारांची आहे आणि तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये जवळपास तेवढीच माणसे मावतात. मी त्या गावात काही काळ राहिलो आहे. हंगामातल्या शनिवारी स्पोकेनकडून येणाऱ्या १९५ क्रमांकाच्या रस्त्यावर सकाळपासून गाड्यांची रांग लागे, खिडक्यांना किरमिजी झेंडे अडकवलेले असत, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या दुग्धशाळेत होणारे, पत्र्याच्या डब्यात मिळणारे कूगर गोल्ड चीज गाडीच्या मागच्या फळीवर मांडून अनोळखी माणसालाही कापून दिले जाई. पहिल्या सामन्याला गेलो तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नव्हता. शेजारी बसलेल्या एका वयस्क गहू-शेतकऱ्याने ते मला समजावून सांगितले, पण त्याआधी एक गोष्ट बजावली: बाकी सगळे सामने गेले तरी चालतील, सिएटलच्या विद्यापीठाकडून हरायचे नाही. त्याचा मुलगा पुलमनला शिकला होता आणि सून सिएटलच्या विद्यापीठातली होती.

एकाच घरात नांदणारे हे वैर आणि हे नाते ज्या चौकटीमुळे शंभर वर्षे टिकले, ती चौकट म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची क्रीडा कॉन्फरन्स. शेवटच्या काळात ती पॅक-१२ या नावाने ओळखली जात असे. २०२२ च्या जूनपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत, अवघ्या चौदा-पंधरा महिन्यांत, तिच्या १२ सदस्यांपैकी १० जणांनी तिला सोडचिठ्ठी दिली. एका खेळाच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी वीस-बावीस खेळांची घडी मोडली गेली. हे अटळ नव्हते, आणि फुटबॉलचा हिशेब इतर खेळांपासून वेगळा केला तर त्यातले पुष्कळ अजूनही दुरुस्त करता येण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे.

कॉन्फरन्स ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला थोडी समजावून सांगायला हवी. भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी विभाग भूगोलावरून पडतात; मुंबई, पुणे, गोवा, गुजरात इथली विद्यापीठे पश्चिम विभागात येतात आणि आपण कोणत्या विभागात खेळावे हे विद्यापीठाला निवडता येत नाही. अमेरिकेत मात्र विद्यापीठे आपापले सोबती स्वतः निवडतात. आठ-दहा विद्यापीठे करार करून एकत्र येतात, वेळापत्रक आखतात, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ठरवतात, पंच नेमतात, विजेतेपद देतात आणि प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकून आलेला पैसा वाटून घेतात. ही निवड सुरुवातीला भूगोलानेच केली, कारण प्रवास आगगाडीने व्हायचा. पण कारण केवळ सोयीचे नव्हते. प्रतिस्पर्धी जवळचा असल्याखेरीज ईर्षेला धार चढत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ ही आरोळी ज्याने ऐकली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे समोरचे कॉलेज दोन चौक पलीकडचे असते, म्हणून तर घसा बसेपर्यंत ओरडले जाते.

२ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंड शहरातल्या ओरेगन हॉटेलमध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सची स्थापना झाली. कॅलिफोर्निया (म्हणजे बर्कली), वॉशिंग्टन (म्हणजे सिएटलचे विद्यापीठ), ओरेगन आणि आज ओरेगन स्टेट म्हणून ओळखले जाणारे शेतकी महाविद्यालय असे चार संस्थापक होते. १९१७ मध्ये पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट आले, १९१८ मध्ये स्टॅनफर्ड, १९२२ मध्ये लॉस एंजेलिसचे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूएससी) आणि आयडाहो, त्यानंतर मोंटाना आणि १९२८ मध्ये यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा. मोंटानाने १९५० मध्ये निरोप घेतला. या यादीत श्रीमंत खासगी विद्यापीठे आहेत, महानगरांतली सरकारी विद्यापीठे आहेत आणि शेतकी शिक्षणासाठी दूरच्या गावांत काढलेल्या संस्थाही आहेत. सगळ्यांना एका पंगतीत बसवणारे ते ताट होते.

त्या ताटाला पहिला तडा १९५९ मध्ये गेला, आणि आजचे प्रकरण समजून घ्यायचे तर तिथे थोडे थांबले पाहिजे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर असे उघडकीस आले की सिएटल आणि लॉस एंजेलिसमधले धनिक हितचिंतक गुप्त निधी उभारून फुटबॉलपटूंना नियमबाह्य पैसे देत आहेत. कॉन्फरन्सने वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी आणि बर्कली या चौघांना शिक्षा केल्या. त्यातून आरोप-प्रत्यारोप इतके वाढले की १९५९ च्या उन्हाळ्यात कॉन्फरन्सच विसर्जित झाली. लगेच त्या चौघांनी स्टॅनफर्डला सोबत घेऊन नवी संघटना काढली. पुलमन, ओरेगन, ओरेगन स्टेट आणि आयडाहो बाहेर राहिले. पुढे वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आणि दोन्ही ओरेगनना १९६४ मध्ये पुन्हा आत घेतले गेले. आयडाहोला मात्र कधीच बोलावणे आले नाही.

आयडाहो विद्यापीठ ज्या मॉस्को गावात आहे, ते पुलमनपासून अवघ्या १३ किलोमीटरवर आहे. हे अंतर इतके थोडे आहे की माझ्या ओळखीतले कित्येकजण एका गावात राहून दुसऱ्या गावात शिकायला सायकलने जात. एका विद्यापीठाला पुन्हा दार उघडले, दुसऱ्याला नाही. एक पुढची साठ वर्षे देशातल्या सर्वांत वरच्या फळीत खेळले. दुसऱ्याचा फुटबॉल संघ एका कॉन्फरन्समधून दुसरीत फिरत राहिला आणि २०१८ मध्ये त्याने आपण होऊन वरची श्रेणी सोडून खालची पत्करली. या दोन गावांच्या गुणवत्तेत १३ किलोमीटरइतकाही फरक नव्हता. कॉन्फरन्सचे सदस्यत्व म्हणजे काय चीज असते, ते इथे कळते.

१९६८ मध्ये या संघटनेचे नाव पॅसिफिक-८ झाले. १९७८ मध्ये ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट आल्यावर ती पॅक-१० झाली, आणि माझ्या मते या संघटनेची सर्वांत सुबक रचना याच काळातली. दहा सदस्यांच्या पाच जोड्या होत्या: वॉशिंग्टनमधले दोन, ओरेगनमधले दोन, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठचे दोन, लॉस एंजेलिसमधले दोन आणि ॲरिझोनातले दोन. बास्केटबॉलचा संघ बाहेर निघाला की गुरुवारी जोडीतल्या एकाशी खेळे, शनिवारी दुसऱ्याशी आणि घरी परते. यूएससी आणि यूसीएलए एकाच शहरात आहेत. बर्कली आणि स्टॅनफर्ड यांच्यात ६०-६५ किलोमीटरचे अंतर आहे. एका प्रवासात दोन सामने होत, मधल्या शुक्रवारी हॉटेलच्या खोलीत गृहपाठ होई, आणि सोमवारी सकाळी खेळाडू वर्गात हजर. वेळापत्रक आखणाऱ्याने खेळाडू हा विद्यार्थी आहे हे लक्षात ठेवले होते, याची साक्ष त्या रचनेतच होती. २०११ मध्ये युटा आणि कोलोरॅडो आले तेही जोडीनेच आले. त्यांचा पॅसिफिकशी संबंध नव्हता हे खरे, पण घडी मोडली नाही.

या कॉन्फरन्सला विजेत्यांची कॉन्फरन्स म्हणत आणि ते पोकळ बिरुद नव्हते. तिच्या सदस्यांनी पाचशेहून अधिक राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली. जॉन वुडन यांच्या हाताखाली यूसीएलएने १९६४ ते १९७५ या काळात बास्केटबॉलची १० राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. पण ती पाचशे विजेतेपदे कोणत्या खेळांतली होती, हेही पाहिले पाहिजे. पोहणे, वॉटर पोलो, टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, मैदानी खेळ, जिम्नॅस्टिक्स या, तिकिटाच्या खिडकीवर फारशी रांग न लागणाऱ्या खेळांतच त्यांतली बहुसंख्य होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकट्या स्टॅनफर्डच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ३९ पदके मिळवली. अमेरिकन फुटबॉल तर ऑलिंपिकमध्ये नव्हताच.

मग कॉन्फरन्स फुटबॉलपायी का मोडली? धागा १९८४ पर्यंत मागे जातो. तोवर महाविद्यालयीन फुटबॉलचे कोणते सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत आणि कोणाचे किती वेळा दिसावेत, हे एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. विद्यापीठातला खेळ हा शिक्षणाचा भाग आहे आणि त्याला निव्वळ बाजारातल्या मालाचे नियम लावता येत नाहीत, अशा आशयाची त्यांची मांडणी होती. कायद्याच्या कसोटीवर बहुमताचा निर्णय बरोबर असेलही, पण पुढच्या चाळीस वर्षांत जे घडले त्याचे भाकीत त्या दोन मतांत अधिक नेमके आहे.

निर्णयानंतर हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्या कॉन्फरन्सकडे आला. ज्याच्याकडे मोठी शहरे, त्याच्याकडे अधिक प्रेक्षक. ज्याच्याकडे अधिक प्रेक्षक, त्याला अधिक पैसा. टेक्सासभोवती उभी असलेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये याच ओढाताणीत संपली. पॅक-१२ ने २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांशी १२ वर्षांचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा तो विक्रमी होता. पुढच्याच वर्षी कॉन्फरन्सने स्वतःची वाहिनी काढली आणि तिची पूर्ण मालकी स्वतःकडे ठेवली. उपग्रहावरून घराघरांत पोचणाऱ्या मोठ्या वितरकाशी, डायरेक्ट टीव्हीशी, तिचा करार शेवटपर्यंत झाला नाही. इकडे शिकागोभोवतीच्या बिग टेन कॉन्फरन्सने ऑगस्ट २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. दोघांतली दरी एवढी रुंदावली की एका बाजूला उभ्या असलेल्याला दुसरी बाजू खुणावणारच होती.

३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जात असल्याचे जाहीर केले. यूसीएलएच्या क्रीडा विभागावर १० कोटी डॉलरहून अधिक तूट साचलेली होती, हे त्यामागचे उघड कारण. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडोने बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सची वाट धरली. १ ऑगस्टला कॉन्फरन्सचे आयुक्त जॉर्ज क्लियावकॉफ यांनी उरलेल्या नऊ जणांपुढे ॲपल कंपनीचा प्रक्षेपण-हक्कांचा प्रस्ताव ठेवला, ज्यात उत्पन्नाचा मोठा भाग किती वर्गणीदार मिळतात यावर अवलंबून होता. आणि ४ ऑगस्टच्या एकाच शुक्रवारी ओरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा बिग १२ कडे गेले. महिनाभरात बर्कली आणि स्टॅनफर्ड यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, जागा मिळवली. त्यासाठी पहिली सात वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला जेमतेम ३० टक्के वाटा त्यांनी मान्य केला.

मागे उरले पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हालिसचे ओरेगन स्टेट. १९५९ मध्ये नवी संघटना काढणारी पाचही विद्यापीठे निघून गेली होती आणि त्या वर्षी ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांतली दोन घराची राखण करत बसली होती. घर कोणाचे, हा वाद मग पुलमनच्याच व्हिटमन परगण्यातल्या न्यायालयात गेला. बाहेर पडण्याची सूचना देणाऱ्या सदस्याला संचालक मंडळात मत राहत नाही, या नियमाचा आधार घेऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने या दोघांच्या बाजूने निकाल दिला. आधी यूएससी आणि यूसीएलएला याच नियमाने मंडळाबाहेर ठेवले गेले होते आणि तेव्हा इतरांपैकी कोणी हरकत घेतली नव्हती. निकाल न्याय्य होता. पण रिकाम्या घराची चावी मिळून भागत नाही.

आता प्रवासाकडे पाहू, कारण माझ्या आक्षेपाचे मूळ तिथे आहे. फुटबॉलचा संघ हंगामात बारा सामने खेळतो, त्यांतले निम्मे घरी, आणि तेही बहुधा शनिवारी. लांबच्या प्रवासाच्या चार-पाच फेऱ्या त्याला झेपतात. त्याच्यासाठी खास विमान असते. व्हॉलीबॉलचे कॉन्फरन्समधलेच सामने वीसच्या घरात असतात. माझ्या परिचयातल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. तिच्या आईने फ्रिजवर चिकटवलेले एका आठवड्याचे वेळापत्रक मी पाहिले आहे: बुधवारी दुपारी निघणे, शुक्रवारी पूर्व किनाऱ्याजवळ सामना, शनिवारी बसने पुढे, रविवारी दुसरा सामना, सोमवारी पहाटे अडीचला वसतिगृहात, आणि सकाळी नऊला सेंद्रिय रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेच्या चौकोनात आईने पेन्सिलीने छोटे प्रश्नचिन्ह काढले होते. मुलीची तक्रार नाही. खेळायला मिळते याचाच तिला आनंद आहे. पण तिच्या आधीच्या पिढीतली खेळाडू याच विद्यापीठातून जोडीच्या प्रवासाला जात असे आणि तिच्या वेळापत्रकात असे प्रश्नचिन्ह काढायची वेळ क्वचितच येत असे.

सिएटलहून न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठापर्यंतचे अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि घड्याळात तीन तासांचा फरक आहे. तरी दोघे एकाच कॉन्फरन्सचे सदस्य आहेत. बिग टेनमध्ये आता १८ सदस्य आहेत, बिग १२ मध्ये १६, आणि अटलांटिक कोस्टच्या कॉन्फरन्समधले दोघे पॅसिफिकच्या काठावर. नावांतला आकडा आणि दिशा दोन्ही खोटी पडली आहेत. ज्यांच्यासाठी हा बदल झाला त्यांच्या सोयीचा विचार झाला असेल, पण पोहणाऱ्या मुलाच्या किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीच्या सोयीचा विचार झाल्याची एकही खूण मला दिसत नाही.

बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन, यूसीएलएच्या १९७२ आणि १९७३ च्या विजेतेपदांचे मानकरी, यांनी २०२२ मध्येच आपल्या विद्यापीठाच्या या निर्णयाला जाहीर विरोध केला होता. समालोचन करताना कॉन्फरन्सचे गुणगान करण्यात ते कधी थकले नाहीत. २७ मे २०२४ रोजी, पॅक-१२ चा बारा सदस्यांसह खेळला गेलेला शेवटचा हंगाम संपता संपता, त्यांचे निधन झाले.

या सगळ्यावर मिळणारी उत्तरे मी नीट ऐकली आहेत, कारण त्यांतली काही खरोखर वजनदार आहेत. पहिले असे की फुटबॉलच्या पैशावरच बाकीचे खेळ चालतात. तो पैसा आटला तर आधी पोहण्याचा तलाव बंद होईल. हे खरे आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाची ही कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. खेळाडूला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे याच्या मी पूर्ण बाजूने आहे. ते फार उशिरा मिळाले. पण म्हणूनच हिशेब उघडपणे मांडला पाहिजे. त्या रकमेचा मोठा वाटा फुटबॉलपटूंकडेच जाणार, आणि इतर संघांच्या वाट्याला विमानाचे वाढलेले भाडे, हॉटेलांची बिले आणि बुडालेले तास येणार. एका खेळासाठी मिळवलेले उत्पन्न सर्वांच्या कल्याणासाठी आहे असे सांगायचे आणि त्याच उत्पन्नासाठी सर्वांचा खर्च वाढवायचा, हा युक्तिवाद स्वतःच्याच पायात अडखळतो.

दुसरे उत्तर असे की कॉन्फरन्स नेहमीच बदलत आल्या आहेत आणि ॲरिझोनाही कधीकाळी परकाच होता. बदलाला माझा विरोध नाही. १९७८ आणि २०११ मध्ये आलेल्यांनी घराला खोल्या जोडल्या. २०२३ मध्ये तुळया काढून नेल्या. दोन्हींना एकच शब्द लावणे मला पटत नाही.

तिसरे उत्तर मात्र माझ्या बाजूच्या मंडळींना अडचणीत टाकणारे आहे, आणि ते टाळून चालणार नाही. एकटे पडलेल्या वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट यांनी २०२४ मध्ये पॅक-१२ ची पुन्हा उभारणी सुरू केली ती माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट यांना फोडून. फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत कॉन्फरन्स म्हणून टिकायला किमान आठ सदस्य लागतात, म्हणून पुढे टेक्सास स्टेटलाही घेतले गेले. पॅसिफिकच्या नावाखाली सॅन अँटोनियोजवळचे विद्यापीठ आले. सदस्य फोडल्याबद्दलच्या दंडाच्या रकमेवरून माउंटन वेस्टशी वाद न्यायालयात गेला. जे आपल्यावर गुदरले तेच आपण दुसऱ्यावर गुदरवले, आणि पुलमनच्या मित्रांना मी हे तोंडावर सांगितले आहे. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो हे मला समजते. पण माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्या वायोमिंग किंवा नेवाडामधल्या एखाद्या शेतकऱ्यालाही शनिवारच्या सामन्याला शेजारी कोण बसणार याची तितकीच आस्था असते. या नव्या रचनेतला एकच निर्णय मला मनापासून आवडतो, तो म्हणजे १ जुलै २०२६ पासून स्पोकेनच्या गोंझागा विद्यापीठाचा प्रवेश. ते फुटबॉल खेळत नाही, बास्केटबॉलमध्ये बलाढ्य आहे, आणि पुलमनहून तिथे बसने दीड तासात पोचता येते.

गोंझागाच्या प्रवेशाने एक गोष्ट सिद्ध होते: फुटबॉल आणि इतर खेळ यांना एकाच दावणीला बांधलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. नोत्र दाम विद्यापीठ वर्षानुवर्षे फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे आणि बहुतेक इतर खेळ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते. पश्चिमेत तर १९९२ पासून माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशन नावाची संघटना आहे, जिच्या छत्राखाली यूसीएलए, यूएससी आणि स्टॅनफर्डचे पुरुष व्हॉलीबॉल व वॉटर पोलोचे संघ आपसांत खेळत आले आहेत, आणि हे तिघे आज दोन वेगळ्या कॉन्फरन्समध्ये असूनही त्यांची ती गाठभेट सुटलेली नाही. म्हणजे नमुना हाताशी आहे, चाललेला आहे, आणि पश्चिमेनेच घडवलेला आहे. फुटबॉलला हवे तर बिग टेनमध्ये राहू द्यावे. त्याला मिळणारा पैसा मिळू द्यावा. बास्केटबॉलचेही प्रक्षेपण-उत्पन्न मोठे असल्याने त्याच्याबद्दल वाद होऊ शकेल. पण सॉफ्टबॉल, महिला व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिस आणि बाकीचे सगळे खेळ जोड्यांच्या जुन्या वेळापत्रकावर परत आणता येतात. अडचण आहे ती प्रवेशासोबत सही केलेल्या अटींची, आणि अटी सह्या करणाऱ्यांनाच बदलता येतात.

इथे राज्यांच्या जबाबदारीचा प्रश्न येतो, आणि त्याबाबत मला सर्वाधिक खंत आहे. गेलेल्या दहांपैकी यूएससी आणि स्टॅनफर्ड वगळता सगळी विद्यापीठे सार्वजनिक आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या करदात्यांनी सिएटलचेही विद्यापीठ उभे केले आणि पुलमनचेही. एकाने दुसऱ्याला मागे सोडून जाताना राज्याच्या विधिमंडळाने किमान अट घालायला हवी होती. हे अशक्य कोटीतले नव्हते. टेक्सासमध्ये १९९४ च्या सुमारास साउथवेस्ट कॉन्फरन्स फुटत असताना तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रमुखांना बोलावून बेलर आणि टेक्सास टेक यांना मागे ठेवता येणार नाही असे खडसावले होते, आणि ते दोघे सोबत गेले. ह्यूस्टन, राइस, टीसीयू आणि एसएमयू तेव्हा मागे राहिले, त्यामुळे तो काही आदर्श न्याय नव्हता. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएला जाऊ दिले, पण बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर देण्याची अट नंतर घातली. वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन राज्यांत असे काही घडले नाही. दोन्ही ठिकाणी शेतकी परंपरेचे, छोट्या गावातले विद्यापीठच मागे राहिले, आणि ज्या मतदारसंघांतून ते बोलू शकले असते तिथली मते थोडी होती.

बिग टेनचा आताचा प्रक्षेपण-करार २०३० मध्ये संपतो. त्याआधीच्या वाटाघाटींत सिएटल, यूजीन (म्हणजे ओरेगन) आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी फुटबॉलव्यतिरिक्तच्या संघांसाठी मोकळीक मागावी, आणि त्यांच्या राज्यांनी त्यांना ती मागायला भाग पाडावे. ही मागणी भावनेपोटी केली जाते असे कोणी म्हणू नये. प्रवासाचा खर्च, बुडालेले वर्ग आणि खेळाडूंची झोप हे तिन्ही मोजता येतात आणि विद्यापीठांकडे त्यांच्या नोंदी आहेत. त्या नोंदी प्रसिद्ध करायला लावण्याचा अधिकार सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत नागरिकांना आहे, आणि किनाऱ्यावरच्या या राज्यांत ज्यांची मुले या विद्यापीठांत शिकतात आणि खेळतात अशी मराठी कुटुंबेही त्या नागरिकांत आहेत.

पुलमन आणि सिएटल यांच्यातला सामना तूर्त टिकला आहे. दोन्ही विद्यापीठांनी कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून तो २०२८ पर्यंत खेळायचे ठरवले. १४ सप्टेंबर २०२४ ला सिएटलच्या लुमेन फील्डवर पुलमनने तो २४-१९ असा जिंकला. त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या शेजाऱ्याला फोन केला. तो बराच वेळ सामन्याबद्दल बोलला, शेवटच्या काही मिनिटांतला बचाव त्याने खेळीमागून खेळी सांगितला, आणि मग म्हणाला की नातीला सॉफ्टबॉल खेळायचा आहे, आता तिला कोणत्या विद्यापीठात पाठवावे हे मुलाला आणि सुनेला दोघांनाही ठरवता येत नाही.